कपाटाऐवजी ग्राफिक्स कार्ड

सोमवार, ३ मार्च

कपाट नको म्हणाली!

सकाळी बायको, बायना, आंदणाची यादी सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. कपाट, पलंग, गादी, पाच भांडी, जमला तर फ्रीज. लेकीचं, भक्तीचं, लग्न दोन मेला. अजून दोन महिने आहेत, पण बायनाच्या हिशेबाने उशीरच झालाय. भक्ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आप्पा, कपाट राहू द्या. त्याच्या ठिकाणी मला एक ग्राफिक्स कार्ड द्या."

बायनाला वाटलं लग्नपत्रिकेचं चाललंय. "अगं, कार्ड तर छापायचेच हायत की! कपाटाच्या ठिकाणी कशाला?"

भक्ती इतकी हसली की भाकरी करपली. मीही हसलो. पण मला तरी कुठं माहीत होतं!

तेवीस वर्षांत या पोरीने तोंडाने मागितलेली ही तिसरी वस्तू. पहिली सायकल, आठवीत. दुसरी कॉम्प्युटर, कॉलेजात. यादीतलं कपाट खोडलं. पुढे काही लिहिलं नाही, कारण नाव नीट लिहिता येईना.

मंगळवार, ४ मार्च

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत बसणारा, चित्र तयार करणारा भाग. आज एवढंच कळलं. तीस वर्षं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरतोय, तांब्याची नवी तार गुंडाळून. अजून शिकायला काही शिल्लक आहे — देवाची कृपा.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दुकानाच्या मागची भिंत म्हणजे भक्तीची खोली. दोन वर्षं त्या भिंतीतून तिचा आवाज ऐकतोय — "अरं थांब की घोड्या! बिगर इचारता कुठं निघालास?" — पण आत जाऊन कधी बसलो नव्हतो. आज बसलो.

पडद्यावर मोठा डोंगर, त्यावर बर्फ, घोड्यावर एक गडी. गवत वाऱ्याने हलत होतं. खरंच हलत होतं! भक्ती तो गडी चालवते आणि सोबत बोलत राहते, आपल्या परभणीच्या बोलीत. त्याचं चित्रीकरण करून ती जगाला दाखवते. एकतीस हजार लोक ऐकतात म्हणे. नांदेड-लातूरचे आहेतच, पण दुबईत गवंडीकाम करणारा एक जण रोज लिहितो, "ताई, तुझं बोलणं ऐकलं की गावच्या पारावर बसल्यासारखं वाटतंय."

मग तिने अडचण दाखवली. नुसता खेळ चालू असला की घोडा झकास पळतो. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की घोडा लंगडा. दोन पावलं, थांबला, एकदम चार पावलं पुढे. मोठ्या लढाईत तर चित्रच गोठतं.

मी म्हणालो, "व्होल्टेज कमी पडायलंय."

"व्होल्टेज न्हाई आप्पा. असं बघा, एकाच मोटारीवर पंप बी लावला अन् कडबाकुट्टी बी लावली, तर?"

"दोन्ही धापा टाकतील. मोटार तापंल."

"तेच चाललंय. खेळ चालवणं अन् त्याचं चित्र लिहून घेणं, सगळं एकाच्या उरावर. नव्या कार्डात लिहून घ्यायला वेगळा भाग असतोय. खेळणारा खेळतो, लिहिणारा लिहितो. एकमेकाच्या वाटंला जात न्हाईत."

एका दमात कळलं! कॉलेजच्या मास्तरांनाही असं सांगता येणार नाही. सेकंदाला साठ चित्रं लागतात, तेव्हा डोळ्याला पळणं सलग दिसतं. विजेचे पन्नास हेलकावे मला माहीत होते. चित्राचे साठ आज कळले.

शुक्रवार, ७ मार्च

एक गोष्ट मनाला टोचत आहे. इथे लिहितो, दुसरं कुणाला सांगू!

फेब्रुवारीत सोनपेठला बोलणी झाली. तात्यारावांनी — होणारे व्याही, खताचं दुकान आहे, माणूस भला — विचारलं, "मुलगी काय करती?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरचं काम करती." खोटं नाही. पण खरंही नाही. भक्ती तिथेच बसली होती, पदर सावरून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्यांना वाटलं असेल, टायपिंग वगैरे. हरिओम, म्हणजे नवरा मुलगा, चहाचे कप उचलून आत गेला.

आंदणात हे कार्ड मांडलं, तर मांडवात शंभर माणसं विचारणार, हे काय? तेव्हा सांगावंच लागेल. म्हणूनच मागितलं का तिने? विचारायचा धीर झाला नाही.

सोमवार, १० मार्च. एकादशी.

गावातला आश्रुबा मोटार न्यायला आला. बायनाने त्याला सगळं आधीच सांगितलेलं.

"मुंजाजी, तू म्हणं पोरीला आंदणात खेळणं द्यायलास?"

"खेळणं न्हाई. कार्ड हाय."

"पत्त्याचं?"

"तुझी मोटार भरून ठेवलीय, ती उचल."

"उचलतो की. पर मला एक सांग, कपाटात लुगडी राहत्यात. त्या कार्डात काय राहतंय?"

उत्तर तो गेल्यावर सुचलं. तिचा आवाज राहतो. पण तोवर आश्रुबा वेशीपर्यंत पोचला होता. उपवासाच्या दिवशी राग आला नाही, एवढं पुण्य पदरात पडलं.

बुधवार, १२ मार्च

परभणीला जाऊन आलो. कार्ड आणलं!

भक्ती यायला निघाली होती, पण बायना म्हणाली, लग्न ठरलेली पोरगी उन्हातान्हात बाजार हिंडत नाही. मग भक्तीने चिठ्ठी दिली. कार्डाचं नाव, खाली दोन ओळी — हेच पाहिजे, याच्याहून मोठं नको, जुनं तर नकोच.

योगीराज नावाच्या पोराचं दुकान आहे. पोरगा कसला, तिशीचा असेल. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. चिठ्ठी वाचून म्हणाला, "काका, ताईंना बरोबर मालूम हाय." चिठ्ठीतलं कार्ड दाखवलं. बारीकसं, दोन पंख्यांचं. शेजारी दुसरं ठेवलेलं होतं, तीन पंख्यांचं, खाली लोखंडी पट्टी, विटेएवढं.

"हातात घेऊ का?"

"घ्या की."

एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. बारीक कार्ड पापडासारखं. मोठं कार्ड मात्र हाताला लागत होतं. मला एकदम जुनी गोष्ट आठवली. धंदा नवा होता तेव्हा मला एकाने मोटार विकली, वरून झकपक. आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. तेव्हापासून मी वस्तू आधी हातात तोलतो. जड ते तांबं, हलकं ते फसवं. या हातांनी मला तीस वर्षांत एकदाही धोका दिला नाही.

योगीराज म्हणाला, "काका, हे मोठं दिसतंय, पण मागचं मॉडेल हाय. रेकॉर्डिंगचा भाग जुना. वीज बी लय खातंय."

मी म्हणालो, "दोन्हीची किंमत?"

"सारखीच पडंल."

"मग जड द्या. तिला लहान पुरंल असं वाटतंय, कारण पोरगी बापाच्या खिशाकडं बघून मागती."

त्याने डबा बांधून दिला आणि म्हणाला, "पंधरा दिवसांत बघून घ्या. काही वाटलं तर बदलून देतो." बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. मागितलं त्याहून जास्त देता आलं. देवा, तुझे उपकार. बाप झाल्यासारखं वाटलं आज.

भक्तीने डबा हातात घेतला. उलटा करून मागची बारीक अक्षरं बराच वेळ वाचली. मग म्हणाली, "छान हाय, आप्पा."

गुरुवार, १३ मार्च. होळी.

पुरणपोळीचा नैवेद्य झाला. बायनाने कार्डाचा डबा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मी म्हणालो, एकदा जोडून तर बघू. तर म्हणाली, "आंदणाची वस्तू कोरीच जाती. आंदणाचं पातेलं कुणी आधी चुलीवर चढवतंय का?"

तिचंही खरं. भक्तीही म्हणाली, "राहू द्या आप्पा, घाई काय हाय."

डबा देवघराच्या फळीवर. त्याच्यावर कुंकवाची पाच बोटं. मला फार शोभून दिसतं.

बुधवार, १९ मार्च

उन्हाळी भुईमुगाच्या मोटारी यायला लागल्या. दिवसाला तीन-तीन जळतायत. गिऱ्हाईक दारात उभं आहे, हातपाय धड आहेत. आणखी काय मागायचं!

सोमवार, २४ मार्च

भिंतीपलीकडे भक्ती आज एकच लढाई तीनदा बोलली. पहिल्यांदा बोलली तेव्हा मला हसू आलं. तिसऱ्यांदा तेच शब्द, पण पाणी घातल्यासारखे. चित्र अडकतं म्हणून पहिल्यापासून करावं लागतं. डबा तर घरात आहे, फळीवर, दहा पावलांवर! तरी एका शब्दाने म्हणाली नाही की उघडा.

किती समजूतदार पोर दिली देवाने.

गुरुवार, २७ मार्च

वरचं वाक्य आज खोडावंसं वाटतंय. खोडत नाही. राहू दे, माझं मला दिसेल.

सकाळी योगीराज मोटारसायकलवर आला. त्याचं शेत इकडेच आहे हे मला माहीत नव्हतं. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून घेऊन आला. मी मोटार उघडत होतो, तो बाकावर बसून सहज म्हणाला, "काका, ताईंनी मग ठरवलं का? आज शेवटचा दिवस हाय."

"कशाचा?"

"बदलून घ्यायचा. त्यांचा फोन आला होता ना. तुमी कार्ड नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

हातातला पाना तसाच राहिला.

भक्तीने होळीच्या दिवशी त्याला फोन केला होता. हे कार्ड माझ्या कामाचं नाही, पेटीतला वीज देणारा डबाही त्याला पुरायचा नाही, बदलून मिळेल का? तो म्हणाला, मिळेल. मग तीच म्हणाली, "राहू द्या. आप्पांनी लय हौसेनं आणलंय."

म्हणजे तिला पहिल्या मिनिटाला कळलं होतं! डबा उलटा करून वाचला तेव्हाच. त्यानंतर पंधरा दिवस ती तीच लढाई तीन-तीनदा बोलत राहिली आणि माझ्या तोंडावर "छान हाय" म्हणाली.

मी समजूतदारपणा म्हणत होतो. ती गप्प राहायची सवय करत होती. सासरी लागेल म्हणून माहेरातच. आणि ही सवय लावली कुणी? सोनपेठला तिच्यादेखत अर्धं सांगून मोकळा झालो, तो मीच ना!

आत जाऊन फळीवरचा डबा काढला. बायना मध्ये आली. "पूजलेली वस्तू घराबाहेर काढतायत का? लक्ष्मी परत करायलाव तुमी!"

"चुकीची लक्ष्मी आणली, बायना."

"लक्ष्मी कधी चुकीची असती व्हय?"

योगीराज दारात उभा. डबा पाहिला आणि तोही अडखळला. "काका, याला कुंकू लागलंय. हे मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवं म्हणून कसं देऊ? माझ्या बी मनाला पटणार न्हाई."

तिघेही डब्याकडे बघत उभे. सील फुटलेलं नाही, वस्तूला धक्का नाही, पण पाच बोटं कुंकू आड आलं! शेवटी योगीराजच म्हणाला, "मावशी, असं करू. हे मी विकत न्हाई. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं मशीन हाय, त्याच्यात बसवतो. रोज उदबत्ती लावतो तिथं. लक्ष्मी माझ्या घरी आली म्हणा."

बायनाने क्षणभर विचार केला. मग आतून साखर आणून डब्यावर ठेवली आणि डबा त्याच्या हातात दिला, लेक सासरी पाठवावी तसा!

त्याच्याच गाडीवर परभणीला गेलो. चिठ्ठीतलं हलकं कार्ड घेऊन चारच्या बसने परत. त्याच्या मोटारीची भराई मी घेणार नाही. तसं म्हणालो तर म्हणाला, "काका, भराई घ्या, पण मोटार वेळेवर द्या." अशी माणसं अजून आहेत.

भक्तीला डबा दिला. "हे बरोबर हाय का बघ. अन् नसलं तर तोंडावर सांग."

तिने डबा उलटा करून मागची अक्षरं वाचली. मग म्हणाली, "बरोबर हाय." आवाज वेगळा होता. फरक मला कळला. तीस वर्षं मोटारींचा आवाज ऐकून दोष सांगतो आणि घरातला आवाज ओळखायला इतकी वर्षं लागली.

शुक्रवार, २८ मार्च

कोरं ठेवलं नाही. उघडलं!

भक्तीने पेटी खोलली, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. बसताना टक् आवाज झाला, कुलूप लागल्यासारखा. मी फक्त बॅटरी धरली. पोरीचे हात बघत होतो. माझ्यासारखेच चालतात, आधी अंदाज मग जोर. हे तिला कुणी शिकवलं नाही.

पेटीला हात लावला तर मुंग्या आल्या. अर्थिंग नाही! हे मात्र माझं खातं. इतकी वर्षं पोरगी मुंग्या येणाऱ्या पेटीवर काम करत होती आणि बाप भिंतीपलीकडे गावाची वीज नीट करत होता.

शनिवार, २९ मार्च. अमावस्या.

अर्थिंगसाठी दुकानाशेजारी खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, वर पाणी. बायना म्हणाली, अमावस्येला नवं काम काढू नका. म्हणालो, हे नवं नाही, राहून गेलेलं आहे. खोलीपर्यंत तार ओढली. आता पेटीला हात लावला की काही नाही. गार लोखंड, बस्स.

रेकॉर्डिंग मात्र उद्या. अमावस्येला सुरुवात नको, एवढं मी बायनाचं ऐकलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी उभी केली. मारुतीला जाऊन आलो. दहा वाजता भक्तीने बटण दाबलं.

मी आणि बायना मागे पोत्यावर बसलो. हूं की चूं करायचं नाही असं बजावलं होतं. मोठी लढाई. धूर, आग, शंभर घोडे. आणि भक्तीचं सुरू — "आला बघा, आला! अरं बाबा, तलवार तर धड धर, इळा हाय का तो? ए डाव्या बाजूच्या, तुला काय बोलावणं पाठवू का?" बायनाने पदर तोंडात कोंबला. मला तर श्वास घेता येईना हसून.

संपल्यावर तिने झालेलं रेकॉर्डिंग लावलं. तीस मिनिटं. एक झटका नाही! घोडा पहिल्या टापेपासून शेवटच्या टापेपर्यंत सलग. आणि तिचं बोलणं पहिल्याच दमातलं, ताजं.

बायना हळूच म्हणाली, "आवं, ही एवढं बोलती?"

देवा, एवढ्याशा हलक्या वस्तूत तू काय काय ठेवलंस! माझ्या हातांचा गर्व उतरवलास तेही बरं केलंस.

आता सोनपेठचं राहिलं. आंदणाच्या आडून कळावं असं नको. मी अर्धं सांगितलं, मीच पुरं सांगायला पाहिजे.

मंगळवार, १ एप्रिल

सोनपेठला गेलो. एकटाच.

तात्याराव दुकानात होते, हरिओम मागे पोती लावत होता. चहा आला, खारी आली. मी चहा पिण्याआधीच बोलून टाकलं. प्यालो असतो तर धीर गेला असता.

"तात्याराव, बोलणीत मी एक गोष्ट अर्धी सांगितली. भक्ती कॉम्प्युटरवर खेळ खेळती. त्याचं चित्रीकरण करून लोकांना दाखवती. हेच तिचं काम."

"खेळ? पोरं मोबाईलवर खेळत्यात ते?"

"त्याच्याहून मोठे. डोंगर, घोडे, लढाया. खेळता खेळता ती बोलती. एकतीस हजार लोक ऐकत्यात."

"बोलती म्हणजे काय बोलती?"

"आपण बोलतो तसंच. लोक हसत्यात."

"हसत्यात," तात्याराव म्हणाले. एवढंच. हरिओमने एकदा वर पाहिलं, परत पोतं उचललं.

"लग्नानंतर तिचं हे चालू राहावं, एवढी माझी इच्छा हाय. आंदणात तिचं सगळं सामान देतो. तुमाला न्हाई पटलं तर आत्ताच सांगा, माझा राग न्हाई."

"मुंजाजीराव, तुमी येऊन सांगितलं हे मोठं केलं. आमी घरात बोलतो अन् कळवतो."

स्टँडपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. मागच्या वेळी दोघं आले होते. तरी बसमध्ये बसलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. हलकं वाटणं वाईट नसतं, हे आता कार्डानेच शिकवलंय.

घरी आल्यावर सांगितलं. बायना रडली — "मोडलं तर? पत्रिका छापायला टाकल्यात!" भक्तीने माझ्यासाठी ताट वाढलं. पोळीवर तूप जरा जास्तच होतं.

बुधवार, २ एप्रिल

फोन नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

नाही. बायनाने दोनदा मोबाईल चार्ज केला, भरलेला असताना.

शुक्रवार, ४ एप्रिल

आश्रुबा आला होता. म्हणाला, "सोनपेठला जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारून आलास म्हणं?" मग जाता जाता थांबला. "तुझ्या पोरीचं ते घोड्याचं बघितलं. नातवानं दाखवलं. इळा हाय का तो, म्हणती!" आणि हसत हसत बांधावरून गेला. लांबूनही त्याचे खांदे हलताना दिसत होते.

शनिवार, ५ एप्रिल

मारुतीला तेल घातलं. काही मागितलं नाही. मागायचं काय, तेच ठरेना.

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी.

होकार आला! दुपारी बारा वाजता, देवळात पाळणा हलत होता तेव्हाच.

तात्याराव म्हणाले, "मुंजाजीराव, पोरगी आता आमचीच हाय. खेळू द्या, टाकू द्या काय टाकायचं ते. वरची खोली देतो तिला, पंखा बी लावून देतो."

ते पुढे म्हणाले, "फक्त एक हाय. आवाज नको. नुसता खेळ टाकावा. सुनेचं बोलणं घरोघरी लोक ऐकणार, हसणार — भावकीत बरं दिसत न्हाई. एवढं बघा."

एवढंच ना! मी म्हणालो, "तुमचे लय उपकार." खरंच वाटलं. कुणी मोडून टाकलं असतं. यांनी खोली दिली, पंखा दिला, मन मोठं केलं. बायनाने गल्लीत साखर वाटली. आश्रुबाच्या घरीसुद्धा.

भक्तीला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ऐकून म्हणाली, "बरं."

रामराया, तुझ्या जन्माच्या घडीला माझ्या लेकीचा संसार लागला. आणखी काही नको.

सोमवार, ७ एप्रिल

चार मोटारी. भिंतीपलीकडे दिवसभर आवाज नाही. लग्नाची गडबड असेल.

मंगळवार, ८ एप्रिल

भक्तीने सकाळी स्वतः सोनपेठला फोन केला. लग्नाला नाही म्हणाली. मग दुकानात आली आणि मला सांगितलं, उभ्यानेच. "आप्पा, तुमी त्यांना इचारलं, त्यांनी तुमाला सांगितलं. मला कुणी इचारलं? तुमी बी न्हाई."

खरं आहे. कार्डाचं विचारलं. लग्नाचं कधीच विचारलं नव्हतं.

हातातली तार खाली ठेवली. बाक पुसला. म्हणालो, "बस. आता सांग."

दोन गिऱ्हाइकं दारातून परत पाठवली. ती बोलत होती — भिंतीपलीकडे घोड्याशी बोलते तशीच, माझ्याशी.